दोन पेशवे, एक गादी: दुसऱ्याच्या सरकारला ‘मान्यता’ देणं म्हणजे नेमकं काय?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना शिक्रापूरच्या चाकण चौकात कधीच ट्रॅफिकमध्ये अडकलो नाही, असं सांगणारा माणूस शोधून सापडणार नाही. एकीकडून रांजणगाव एमआयडीसीचे कंटेनर, दुसरीकडून चाकणहून येणारे ट्रेलर आणि सीझन असेल तर मध्ये उसाच्या ट्रॉल्या. हा चौक पार करून साधारण तीस किलोमीटर पुढे गेलं की घोड नदीच्या काठावरचं शिरूर येतं. जुनी माणसं आजही त्याला ‘घोडनदी’ म्हणतात.

याच शिरूरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या फौजेची मोठी छावणी होती. यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे की तेव्हा शिरूर इंग्रजांच्या राज्यात नव्हतंच. पुण्यात पेशवे होते, कारभार त्यांच्या नावाने चालत होता. मग त्यांच्याच मुलखात परक्यांची फौज तळ ठोकून का बसली होती?

कारण पुण्यात दोन गट पेशवेपदावर हक्क सांगत होते. इंग्रजांनी त्यातल्या एकाला ‘खरा पेशवा’ मानलं आणि गादीवर बसवून दिलं. घोडनदीची फौज ही त्या मान्यतेची किंमत होती.

आता आजच्या बातम्यांकडे या. अफगाणिस्तानात तालिबानची सत्ता आहे, तिला मान्यता द्यायची का? म्यानमारमध्ये लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं, मग म्यानमारचं सरकार नक्की कोणाला म्हणायचं? ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, तेव्हा ‘भारताने तालिबानला मान्यता दिली’ अशा पोस्ट भरपूर फिरल्या. त्या चुकीच्या होत्या. का चुकीच्या होत्या, मान्यता म्हणजे काय आणि ती दिल्याने किंवा न दिल्याने सामान्य माणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो, हे या लेखात समजून घेऊ. सुरुवात आपल्याच इतिहासापासून करू, कारण हा प्रश्न पुण्याने दोनदा भोगला आहे.

आधी एक गोंधळ दूर करू

‘देशाला मान्यता’ आणि ‘सरकारला मान्यता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एखादा देश हा देश आहे का, हे पाहण्यासाठी १९३३ च्या मोंटेव्हिडिओ करारातले चार निकष साधारणपणे वापरले जातात. कायमची लोकसंख्या, ठरावीक भूभाग, सरकार आणि दुसऱ्या देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. अफगाणिस्तान देश आहे का, यावर कोणाचाच वाद नाही. वाद आहे तो त्या देशाच्या नावाने बोलायचं कोणी, यावर.

निवडणूक होऊन सरकार बदललं तर हा प्रश्न सहसा येत नाही. नवे पंतप्रधान आले की इतर देश अभिनंदनाचा संदेश पाठवतात आणि काम पुढे चालू राहतं. सत्ता बंदुकीच्या जोरावर बदलली किंवा एकाच वेळी दोन गट ‘आम्हीच सरकार’ म्हणाले, तर मात्र बाहेरच्यांना ठरवावं लागतं की पत्र कोणाच्या नावाने पाठवायचं.

१७७५: एकाच गादीचे दोन पेशवे

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, पेशवे झाले. साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवेपदाची वस्त्रंही त्यांना मिळाली. त्या काळात ही वस्त्रं म्हणजेच अधिकृत नेमणूक. पेशवा हा छत्रपतींचा प्रधान, त्यामुळे शिक्का साताऱ्याचा लागायचा.

पण खुनाचा ठपका राघोबादादांवर होता आणि पुण्याचे कारभारी त्यांच्या विरोधात गेले. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील आणि इतरांचा हा गट आपण शाळेत ‘बारभाई’ या नावाने वाचतो. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर त्यांना मुलगा झाला, तो सवाई माधवराव. अवघ्या चाळीस दिवसांच्या या बाळासाठी साताऱ्याहून वस्त्रं आली.

म्हणजे आता दोन पेशवे झाले. दोघांनाही वस्त्रं मिळालेली. एक पाळण्यात, त्याच्यामागे पुण्याचा सगळा कारभार. दुसरा अनुभवी सेनापती, पण राजधानीबाहेर पडलेला.

राघोबादादांनी मदत मागितली ती मुंबईच्या इंग्रजांकडे. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांना पेशवा मानून अडीच हजार फौज द्यायचं कबूल केलं. बदल्यात साष्टी आणि वसई, शिवाय भडोच-सुरतेच्या महसुलातला वाटा मागितला. खरं तर साष्टीतलं ठाणं इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरमध्येच बळकावलं होतं. तहाने फक्त कागद हातात येणार होता.

हा व्यवहार नीट पाहा. जो माणूस गादीवर नाही, तो गादीच्या मालकीची जमीन लिहून देतोय. आणि समोरचा त्याला गादीचा मालक मानतोय, कारण तसं मानलं तरच जमीन मिळणार आहे.

पुढे आणखी गोंधळ झाला. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्यांचं कौन्सिल बसलं होतं. मुंबईने आपल्याला न विचारता तह केला म्हणून त्यांनी तो रद्द ठरवला. कर्नल अप्टन यांना पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. म्हणजे एकाच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई कार्यालयाच्या मते पेशवा राघोबादादा आणि कलकत्ता कार्यालय मात्र वाटाघाटी करतंय सवाई माधवरावांच्या कारभाऱ्यांशी! त्यात लंडनच्या संचालकांनी कौल दिला तो सुरतेच्या तहाच्या बाजूने.

मुंबईकरांनी १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना घेऊन पुण्यावर पुन्हा चाल केली. जानेवारी १७७९ मध्ये ही फौज तळेगावपर्यंत आली. (शिक्रापूरशेजारचं तळेगाव ढमढेरे नव्हे, मुंबई रस्त्यावरचं तळेगाव दाभाडे.) माघार घेताना वडगावला मराठ्यांनी तिला घेरलं आणि इंग्रजांना शरणागतीचा करार करावा लागला. कंपनीच्या वरिष्ठांनी तोही करार मानला नाही आणि युद्ध सुरूच राहिलं.

शेवट झाला १७८२ च्या सालबाईच्या तहाने. इंग्रजांनी सवाई माधवरावांना पेशवा मानलं आणि राघोबादादांची बाजू सोडली. त्यांना दरमहा २५ हजार रुपयांचं पेन्शन ठरलं. पुढच्याच वर्षी कोपरगावला त्यांचं निधन झालं.

सात वर्षांच्या या सगळ्या उलाढालीत नक्की कोणाला काय मिळालं? राघोबादादांना गादी मिळाली नाही. पुण्याला शांतता मिळाली, पण सात वर्षांनी. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. ज्याला मान्यता दिली तो हरला, मान्यता देणारा जिंकला.

१८०२: पुन्हा तोच डाव, यावेळी किंमत मोठी

वीस वर्षांनी जवळपास तीच परिस्थिती आली. आता पेशवे होते राघोबादादांचे पुत्र दुसरे बाजीराव. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी बाजीराव आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले.

इकडे होळकरांनी राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव यांना पुण्यात आणलं आणि अमृतरावांचे चिरंजीव विनायकराव यांना पेशवा करण्याची जुळवाजुळव सुरू केली. शहर एका गटाच्या ताब्यात, पेशवेपद दुसऱ्याकडे. इंग्रजांनी कोणाशी बोलायचं?

ते बाजीरावांशी बोलले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. त्यातली मुख्य कलमं अशी:

- किमान सहा हजार पायदळाची इंग्रजी फौज पेशव्यांच्या मुलखात कायम राहणार. हीच ती ‘तैनाती फौज’.
- तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांनी तोडून द्यायचा.
- इंग्रजांशी वैर असलेल्या कुठल्याही युरोपीय माणसाला चाकरीत ठेवायचं नाही.
- कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तांशी युद्ध किंवा करार करायचे नाहीत.

मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या बंदोबस्तात बाजीराव पुण्यात परतले आणि गादीवर बसले. अमृतरावांनी इंग्रजांकडून पेन्शन घेतलं आणि उत्तरेत निघून गेले. तैनाती फौजेचा मोठा तळ घोडनदीला पडला.

पुढचं आपल्या भागातल्या लोकांना माहीत आहे. वसईच्या तहाला बरोबर पंधरा वर्षं झाली त्या दिवशी, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा इथे तिची गाठ पेशव्यांच्या फौजेशी पडली. त्या लढाईत लढलेल्या महार सैनिकांचा आणि जयस्तंभाचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्या मुद्द्यापुरतं इतकंच लक्षात घ्या की ज्या छावणीचा खर्च पेशव्यांच्या मुलखातून भागत होता, त्याच छावणीतली फौज पेशव्यांविरुद्ध उभी राहिली. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण गेले आणि वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन बिठूरला राहायला गेले.

कारभार चांगला होता की वाईट, बाजीराव योग्य होते की अमृतराव, यावर वाद घालता येईल. पण बाहेरच्या सत्तेने कोणाला निवडलं? तिच्या अटी जो मान्य करेल त्याला. पुण्याच्या लोकांना कोण हवा होता, हा प्रश्न तहाच्या कागदावर कुठेच नव्हता.

मान्यता मिळाली की हातात काय येतं?

आजच्या काळात मान्यता म्हणजे प्रामुख्याने चार किल्ल्या.

पहिली, पैशाची. परदेशी बँकांमध्ये देशाच्या नावाने ठेवलेला पैसा आणि सोनं कोण काढू शकतं? २०१९ मध्ये व्हेनेझुएलाचे विरोधी नेते हुआन ग्वाइदो यांनी स्वतःला हंगामी राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं. अमेरिका, ब्रिटन यांच्यासह पन्नासपेक्षा जास्त देशांनी त्यांना मान्यता दिली. देश मात्र निकोलस मादुरोच चालवत होते. बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीत व्हेनेझुएलाचं सुमारे ३१ टन सोनं होतं. ते कोणाचं, हा वाद लंडनच्या न्यायालयात गेला आणि ‘ब्रिटिश सरकारने कोणाला मान्यता दिली आहे’ हाच त्यातला कळीचा मुद्दा ठरला. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये विरोधकांनीच मतदान करून ग्वाइदोंचं हंगामी सरकार गुंडाळलं. भारताने ग्वाइदोंना मान्यता दिली नव्हती.

दुसरी, खुर्चीची. संयुक्त राष्ट्रांत देशाच्या पाटीमागे कोण बसणार? यासाठी नऊ देशांची एक समिती ओळखपत्रं तपासते. चीनच्या खुर्चीवर १९७१ पर्यंत तैवानमधलं सरकार बसत होतं. कंबोडियात १९७९ मध्ये ख्मेर रूजची सत्ता गेली, तरी पुढे काही वर्षं खुर्ची त्यांच्याच प्रतिनिधीकडे राहिली.

तिसरी, दूतावासाची. परदेशातल्या दूतावासाची इमारत, शिक्के, पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका कोणाच्या ताब्यात राहणार?

चौथी, सहीची. करार, कर्ज, सीमा, बंदरं यांवर देशाच्या नावाने सही करायचा अधिकार. राघोबादादांची सही हवी होती ती याचसाठी.

मान्यता नसेल तर सरकार चालतच नाही का?

चालतं. आणि याचं एक उदाहरण महाराष्ट्राला अगदी लागून आहे.

दादरा आणि नगर हवेली हा पोर्तुगीजांच्या ताब्यातला भाग. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी तो मुक्त केला. यात गोवा आणि महाराष्ट्रातले अनेक कार्यकर्ते होते, गायक-संगीतकार सुधीर फडके त्यातलेच एक. त्यानंतर भारताने हा भाग लगेच आपल्यात सामील करून घेतला नाही. पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला आणि तोपर्यंत हा प्रदेश मधल्या अवस्थेत राहिला.

जवळपास सात वर्षं तिथे स्थानिक प्रशासन आणि ‘वरिष्ठ पंचायत’ यांच्यामार्फत कारभार चालला. कुठल्याही देशाने त्याला स्वतंत्र देशाचं सरकार म्हणून मान्यता दिली नव्हती, तरी रोजचं काम अडलं नाही. अडलं कुठे? सहीपाशी. १९६१ मध्ये भारतात विलीन व्हायचं ठरलं, तेव्हा पंडित नेहरूंसोबत करारावर सही करायला दुसऱ्या बाजूने कोणीतरी हवं होतं. म्हणून के. जी. बदलानी या प्रशासकीय अधिकाऱ्यांना एका दिवसासाठी तिथलं पंतप्रधान करण्यात आलं!

यातून एक गोष्ट कळते. सरकार ही जमिनीवरची वस्तुस्थिती असते, मान्यता हा बाहेरच्यांनी त्या वस्तुस्थितीशी जोडलेला कागद असतो. कागद नसतानाही सरकार असू शकतं. आणि ग्वाइदोंसारखं, कागद असूनही सरकार नसू शकतं.

देश हे कसं ठरवतात?

ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

१. ताबा कोणाकडे आहे ते बघा. ज्याच्या हातात राजधानी, पोलीस आणि कारभार आहे, तेच सरकार. तो सत्तेवर कसा आला, हा प्रश्न वेगळा. भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी कम्युनिस्ट चीनच्या सरकारला मान्यता दिली, ती साधारण याच विचाराने. चीनच्या मुख्य भूमीवर माओंचं सरकार आहे, हे नाकारण्यात अर्थ नव्हता.

२. सत्तेवर कसा आला ते बघा. घटना मोडून, बंड करून आलेल्यांना मान्यता द्यायची नाही. हा विचार १९०७ मध्ये इक्वेडोरचे मुत्सद्दी कार्लोस तोबार यांनी मांडला.

३. मान्यता देण्याची भाषाच नको. १९३० मध्ये मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री हेनारो एस्त्रादा म्हणाले की दुसऱ्याच्या सरकारला पास-नापास करणं हाच त्या देशाचा अपमान आहे. आपण फक्त आपला राजदूत ठेवायचा की परत बोलवायचा, एवढंच ठरवायचं. १९८० मध्ये ब्रिटननेही जाहीर केलं की यापुढे आम्ही देशांना मान्यता देऊ, सरकारांना नाही. तरी २०१९ मध्ये ग्वाइदोंच्या वेळी त्याच ब्रिटनने ही भाषा पुन्हा वापरलीच.

खरं सांगायचं तर कुठलाही देश यातली एकच पद्धत कायम पाळत नाही. सोय, शेजार, व्यापार आणि शत्रूचा शत्रू, असा सगळा हिशोब करून निर्णय होतो. भारतानेही १९७१ मध्ये ढाका पडायच्या दहा दिवस आधी, ६ डिसेंबरला, बांगलादेशला मान्यता दिली होती. तेव्हा ढाक्यात पाकिस्तानी लष्कर होतं, म्हणजे ‘ताबा बघा’ हा नियम लावला असता तर थांबावं लागलं असतं.

काबूल, मुंबई आणि पुण्याचा पासपोर्ट

आता तालिबान. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल त्यांच्या हाती गेलं. भारताने आपले कर्मचारी परत आणले. त्याच महिन्यात अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द करून फक्त ई-व्हिसावर प्रवेश देण्याचा निर्णय झाला.

या निर्णयाचा पुण्याशी थेट संबंध होता. पुण्यात अनेक वर्षांपासून अफगाण विद्यार्थी शिकायला येतात, त्यातले बरेच भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. लॉकडाऊनमध्ये जे घरी गेले होते, त्यांची परत येण्याची वाटच बंद झाली. जे इथेच होते, त्यांच्यापुढे वेगळा पेच होता. पासपोर्टची मुदत संपली तर नूतनीकरण कोण करणार? पदवीसाठी काबूलहून कागद हवा असेल तर त्यावरचा शिक्का कोणत्या सरकारचा?

दिल्लीतला अफगाण दूतावास जुन्या, पडलेल्या सरकारचे अधिकारी चालवत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी तो कायमचा बंद केल्याचं जाहीर केलं. मुंबई आणि हैदराबादचे वाणिज्य दूतावास मात्र सुरू राहिले. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने इक्रामुद्दीन कामिल यांना मुंबईत कार्यवाहक वाणिज्यदूत म्हणून नेमलं. ते स्वतः भारतात शिकलेले आहेत. भारताने त्यांच्या सरकारला मान्यता दिली नव्हती, पण हजारो अफगाण नागरिकांच्या कागदपत्रांचं काम कोणीतरी करायला हवं होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी काबूलमधल्या भारताच्या ‘तांत्रिक पथका’ला दूतावासाचा दर्जा देत असल्याचं जाहीर केलं. इथेच सोशल मीडियावर घोळ झाला. दूतावास उघडणं म्हणजे औपचारिक मान्यता नव्हे. हा लेख लिहीपर्यंत तालिबान सरकारला औपचारिक मान्यता देणारा मोठा देश एकच, रशिया. तारीख ३ जुलै २०२५.

मुत्तकींच्या त्याच दौऱ्यात दिल्लीच्या अफगाण दूतावासातल्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना आत घेतलं नाही. देशभर टीका झाली आणि दोन दिवसांनी दुसरी पत्रकार परिषद घ्यावी लागली, त्यात महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसल्या. परराष्ट्र मंत्रालयाने म्हटलं की पहिल्या कार्यक्रमाशी आपला संबंध नव्हता. किल्ली कोणाच्या हातात गेली की दारात कोणाला अडवलं जातं, हे राजधानीत सगळ्यांनी पाहिलं.

मग मान्यता द्यावी की नाही?

द्यावी म्हणणाऱ्यांचं म्हणणं: तालिबानचा देशावर ताबा आहे आणि दुसरा कोणी शर्यतीत नाही. मान्यता नाकारल्याने ते जात नाहीत, उलट बँका, मदत, व्यापार अडतो आणि उपाशी राहते ती सामान्य जनता. अफगाण मध्यवर्ती बँकेचे सुमारे सात अब्ज डॉलर एकट्या अमेरिकेत गोठवले गेले. शिवाय आपण दूर राहिलो तर पाकिस्तान आणि चीनला मोकळं मैदान मिळतं.

देऊ नये म्हणणाऱ्यांचं म्हणणं: तिथे मुलींना सहावीपुढे शाळा बंद आहे, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठंही बंद. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये महिलांच्या छळाच्या आरोपाखाली तालिबानच्या सर्वोच्च नेत्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं आहे. मान्यता हा बाहेरच्या देशांच्या हातातला थोड्या दबावसाधनांपैकी एक. तो आधीच देऊन टाकला तर पुढे बोलायला उरतं काय?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण दोघंही एक गृहीत धरतात, की मान्यता किंवा बहिष्कार असे दोनच पर्याय आहेत. तसं नाही. मधल्या पायऱ्या आहेत आणि त्यांवर अनेक देश वर्षानुवर्षं उभे राहतात. भारताचे तैवानशी औपचारिक संबंध नाहीत, तरी १९९५ पासून तैपेईत आपलं कार्यालय आहे आणि तिथून व्हिसा मिळतो. धान्य पाठवता येतं, औषधं पाठवता येतात, विद्यार्थ्यांचे कागद मार्गी लावता येतात, आणि देशाच्या नावाने सही करण्याचा अधिकार मात्र राखून ठेवता येतो.

मान्यतेची बातमी आली की विचारायचे तीन प्रश्न

पेशव्यांच्या दोन्ही प्रकरणांवरून पुढच्या वेळी अशी बातमी वाचताना तीन प्रश्न विचारता येतील.

एक, मान्यता देणाऱ्याला बदल्यात काय मिळतंय? लष्करी तळ, खाणी, बंदर, की शत्रूवर कुरघोडी? १७७५ मध्ये उत्तर होतं साष्टी आणि वसई, १८०२ मध्ये २६ लाखांचा मुलूख आणि फौजेचा तळ.

दोन, ज्याला मान्यता मिळतेय तो मान्यतेशिवाय टिकला असता का? नसता, तर ते सरकार आपल्या लोकांना उत्तर देणार नाही, मान्यता देणाऱ्याला देणार.

तीन, तिथल्या माणसांचा रोजचा कागद यामुळे सुटतो की अडतो? पासपोर्ट, शिष्यवृत्ती, घरी पाठवलेले पैसे. हे मान्यतेशिवाय सुटत असेल तर मान्यतेची घाई करायचं कारण उरत नाही. आणि मान्यता नाकारून हे अडत असेल, तर नुसतं नाकारणं म्हणजे तत्त्वनिष्ठा नव्हे.

तालिबानच्या बाबतीत भारत सध्या ज्या मधल्या पायरीवर आहे, ती या तीन प्रश्नांच्या कसोटीवर बऱ्यापैकी टिकते: बोलायचं, दूतावास ठेवायचा, कागद सोडवायचे, पण सहीची किल्ली हातात ठेवायची. ती किल्ली कधी द्यायची, यासाठी मुलींच्या शाळेचं दार उघडणं ही साधी आणि मोजता येणारी अट असू शकते. ती अट आपण मोठ्याने मांडतोय का, हा प्रश्न मात्र दिल्लीला विचारत राहायला हवा.

बाकी, पुढच्या वेळी शिक्रापूरच्या चौकात अडकलात तर शिरूरच्या बाजूला एकदा बघा. परक्याने दिलेली मान्यता घेऊन एक सरकार पुण्यात बसलं, तेव्हा तिची फौज याच रस्त्याच्या टोकाला येऊन थांबली होती. पंधरा वर्षांनी ती याच रस्त्याने पुण्याकडे निघाली.